मांडणीचं कपाट झालं

मित्रांनो, मी एक बुटकी मांडणी आहे. तीन फळ्या, दोन बाजू आणि चार आखूड पाय, एवढाच माझा पसारा. चार वर्षांचं मूल शेजारी उभं राहिलं, तर माझा माथा त्याच्या खांद्याला लागतो. माझ्या खालच्या फळीवरचं काही घ्यायचं असेल, तर मोठ्या माणसांना गुडघे टेकावे लागतात, आणि मोठी माणसं सहसा गुडघे टेकत नाहीत. त्यामुळे माझी ओळख झाली ती बहुतेक लहान मुलांशीच. त्यातल्या एका मुलीची गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे. ती सांगताना मला बरं वाटणार नाही, कारण त्या गोष्टीत एक चूक झाली आहे आणि त्या चुकीत माझाही वाटा आहे.

मला एका मिस्त्रीने घडवलं. बालवाडीच्या बाई त्याच्या कारखान्यात आल्या तेव्हा मी नुसत्या फळ्या होते. बाई उंच, सडपातळ, भरभर बोलणाऱ्या. त्यांनी सांगितलं, "मिस्त्री, मुलांचा हात पोचेल अशी मांडणी हवी. दारं नकोत."

मिस्त्रीने कानावरची पेन्सिल काढली आणि परत ठेवली. "दारं नकोत? बाई, पोरं सगळं उपसून जमिनीवर मांडतील की!"

"मांडू देत. त्यासाठीच तर हवी आहे."

"तुमची मर्जी. नंतर मला बोल लावू नका."

पण मिस्त्री मनाचा चांगला होता. मी तयार झाल्यावर त्याने आपल्या तीन वर्षांच्या नातीला आणून माझ्यासमोर उभं केलं आणि वरच्या फळीवर पार मागे पेरू ठेवला. नातीने टाचा उंचावल्या, जीभ बाहेर काढली, तरी तिचा हात पुरला नाही. मिस्त्रीने करवत घेतली. त्याने माझे पाय चार बोटं कापले. मग तिने पेरू घेतला आणि तिथेच बसून खाल्ला. माझे सगळे कोपरे त्याने घासून गोल केले. एकदा टेबलाच्या कोपऱ्याने तिचं कपाळ फुटलं होतं म्हणे, तेव्हापासून तो लहानांच्या सामानाला कोपरा ठेवत नसे.

बालवाडी एका इमारतीच्या तळमजल्यावर होती. दोन खोल्या, मागे लाँड्री. खिडकी उघडी असली की गरम इस्त्रीचा वास आत यायचा आणि वाफेचा फुसफुस आवाज. मला खिडकीखाली ठेवलं. बाईंनी माझ्या फळ्यांवर एकेक तबक मांडलं. एकात दोन छोट्या सुरया आणि वाटाणे, एकात मोठे मणी आणि दोरा, एकात बोथट कात्री आणि कागदाच्या पट्ट्या. शिवाय बटणं लावायची चौकट, कुलूपकिल्ल्यांचा जुडगा, एक भिंग, लाकडी ठोकळे आणि फरशी पुसायची छोटी फडकी. सगळ्या वस्तू खऱ्या. सुरया तर काचेच्या होत्या.

बालवाडीतल्या मावशींना हे पटेना. मावशी झाडलोट करत, मुलांची नाकं पुसत आणि बाईंना सल्ले देत. "बाई, काच म्हणजे फुटायचीच."

"फुटेल, मग मुलं जपून धरायला शिकतील."

"ती शिकतील हो. काचा मी वेचणार!"

पहिल्या महिन्यात तीन सुरया फुटल्या. दुसऱ्या महिन्यात एक. त्यानंतर कितीतरी दिवस एकही फुटली नाही. मग मावशींनीच बाहेर सांगायला सुरुवात केली, की आमची मुलं काचेला हात लावतात, पण तडा म्हणून जाऊ देत नाहीत.

बाईंचा नियम साधा होता. ज्याला जे हवं ते त्याने घ्यावं, हवं तितका वेळ वापरावं आणि जागच्या जागी ठेवावं. त्याने स्वतः ठेवेपर्यंत ते दुसऱ्या कुणी मागायचं नाही. मग बाई काय करत? त्या कोपऱ्यातल्या छोट्या स्टुलावर बसत आणि वहीत लिहीत. एक मुलगा सलग अकरा दिवस फक्त कात्री घेत होता. बाराव्या दिवशी त्याच्या वडिलांनी दारातून विचारलं, "बाई, याला शिंपी करणार आहात का?" बाई म्हणाल्या, "तो सरळ रेषेत कापायला लागलाय. बघा तरी." वडिलांनी ती पट्टी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि घडी घालून खिशात ठेवली.

मित्रांनो, ते माझे चांगले दिवस होते. लांबून शिक्षक पाहायला येत, माझ्यासमोर उकिडवे बसत, माझी उंची मोजून नेत. एकदा कुणीतरी माझा फोटोही काढला. मला वाटे, ही सारी स्तुती माझीच आहे. मी थोडी फुगले होते, हे कबूल करते.

अशात ती मुलगी आली. तिचे आजोबा निवृत्त पोस्टमन होते. ते तिला रोज हाताला धरून आणत. तिची आई शाळांचे गणवेश शिवायची आणि हिला लाडाने "गोगलगाय" म्हणायची, कारण बूट घालायलाच हिला पाव तास लागे. बालवाडीतही तेच नाव पडलं. गोगलगाय कुणाशी बोलत नसे. ती आत येई, पिशवी खुंटीला अडकवी आणि माझ्यासमोर येऊन उभी राही. हात मागे बांधलेले. एकेका फळीवरून तिची नजर फिरे आणि सुट्टी होईपर्यंत फिरतच राही.

आठवडा झाला तसे आजोबा काळजीत पडले. "बाई, घरी ही पोपटासारखी बोलते. इथे हिची दातखीळ का बसते?"

"बसू द्या आजोबा. ती पाहतेय."

"नुसती पाहतेय?"

"पाहणं काही कमी काम नाही."

बाविसाव्या दिवशी गोगलगायीने हात पुढे केले आणि सुरयांचं तबक उचललं. बाईंची पेन्सिल थांबली. मावशींचा झाडूही थांबला. तिने तबक खाली ठेवलं, मांडी घातली आणि एका सुरईतले वाटाणे दुसरीत ओतले. निम्मे सांडले. तिने एकेक करून वेचले. पुन्हा ओतले. त्या दिवशी तिने ते चाळीस वेळा केलं असेल. घरी जाताना तबक ठेवलं ते अगदी जिथल्या तिथे, हँडल उजवीकडे करून.

वाटाण्यांनंतर ती पाण्यावर आली. पाणी ओतताना सुरईच्या तोंडाशी एक थेंब लोंबकळून राहतो ना, तो तिला फार छळायचा. एका सकाळी तो थेंब पडायच्या बेतात होता आणि ती त्याला हळूच म्हणाली, "थांब."

बालवाडीत तिने उच्चारलेला तो पहिला शब्द. बाईंनी तो वहीत लिहिला आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. त्यानंतर ती पाण्याशी बोलायला लागली, मग सुरईशी, मग शेजारी फडकं घेऊन बसणाऱ्या कात्रीवाल्या मुलाशी. "इथे पूस. तिथे नको, इथे." आजोबा दाराबाहेर उभे राहून ऐकत आणि आत न येताच परत जात.

त्याच सुमाराला रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला एक नवी शाळा निघाली. तिथे तीन वर्षांची मुलं पाटीवर अक्षरं काढत, शंभरपर्यंत आकडे म्हणत आणि त्यांच्या वह्या भरलेल्या असत. भरलेली वही घरी दाखवता येते. भरलेली सुरई कशी दाखवणार?

पालकांची सभा झाली तेव्हा औषधांच्या दुकानाचे मालक उभे राहिले. त्यांचा मुलगा साडेतीन वर्षांचा होता. "बाई, घरी पाहुणे आले होते. त्यांच्यासमोर याला म्हटलं, काहीतरी लिहून दाखव. तर हा उठला आणि सगळ्यांसाठी पाण्याचे ग्लास भरून आणले!"

सगळे हसले.

"सांडले का?" बाईंनी विचारलं.

"काय?"

"ग्लास. पाणी सांडलं का त्याच्याकडून?"

"नाही सांडलं. पण बाई, पुढच्या शाळेत प्रवेश देताना ग्लास भरायला लावणार आहेत का?"

पुन्हा हशा झाला. या वेळी बाई हसल्या नाहीत. त्यांनी हात, बोटं, डोळे, धीर, सगळं समजावून सांगितलं. सांगता सांगता त्यांचा आवाज चढला आणि आवाज चढला तशी माणसं एकमेकांकडे पाहू लागली. त्या महिन्यात सहा मुलं नव्या शाळेत गेली. पुढच्या महिन्यात आणखी पाच. मग संस्थेचे चिटणीस आले. ते माझ्यावर हात टेकून उभे होते, म्हणून मी सगळं ऐकलं. "बाई, तुमचं म्हणणं खरं असेल. पण वर्गच उरला नाही तर ते खरेपण कुणाला शिकवणार? पाट्या आणा. हा खेळ आठवड्यातून एकदा पुरे."

बाईंनी दोन दिवस वही उघडली नाही. तिसऱ्या दिवशी मिस्त्री हातात पेटी घेऊन आला.

"बाई, दारं नकोत असं तुम्हीच म्हणाला होतात."

"तेव्हा म्हणाले होते."

"मग?"

"बसवा मिस्त्री. उघडं राहिलं तर मुलांचं लिहिण्यात लक्ष लागणार नाही."

मिस्त्रीने मला दोन दारं बसवली, पितळी कडी-कुलूप लावलं, वरून चकचकीत पॉलिश मारलं. हत्यारं गोळा करताना तो स्वतःशीच म्हणाला, "मांडणीचं कपाट झालं."

आता माझी चूक ऐका. मित्रांनो, मला आनंद झाला होता. मला खरंच वाटलं की मी मोठी झाले. उघड्या फळ्यांवर धूळ बसायची, ओल्या हातांचे डाग पडायचे. आता मी लखलखत होते. चिटणीस म्हणाले, "आता कसं भारदस्त दिसतंय!" आणि मी ते खरं मानलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोगलगाय आली. पिशवी खुंटीला अडकवली आणि माझ्यासमोर येऊन थांबली. तिने दारावर तळहात ठेवला. तो वरून खाली फिरवला, मग कडीपर्यंत नेला. कडी हलेना. तिला वाटलं असावं की ही काहीतरी नवी गंमत आहे, कारण ती जुडग्यातल्या कुलुपांसारखं ते कुलूप निरखून पाहू लागली. मग ती माझ्याकडच्या किल्ल्यांचा जुडगा शोधू लागली. तो आत होता.

बाई वाकल्या. "शुक्रवारी उघडू हं. आता पाटी घे."

शुक्रवार म्हणजे काय, हे तिला ठाऊक नव्हतं. घरी जाऊन तिने आजोबांना विचारलं असावं, कारण दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी ती बाईंच्या पदराला हात लावून विचारू लागली, "आज शुक्रवार?"

"नाही गं. आज मंगळवार."

"आज शुक्रवार?"

"उद्या."

शुक्रवारी शेवटचा अर्धा तास मला उघडलं. मुलं माझ्यावर तुटून पडली. पूर्वी कधी कुणी कुणाचं तबक ओढलं नव्हतं. त्या दिवशी ओढाओढ झाली, मणी घरंगळले, ठोकळा एकाच्या डोक्यात बसला. गोगलगाय आपली पाळी येईल म्हणून मागे उभी राहिली. पाळी आली नाही. पुढच्या शुक्रवारीही नाही. तिसऱ्या शुक्रवारी तपासणीला साहेब येणार होते, म्हणून मला उघडलंच नाही. बाई म्हणाल्या, "पुढच्या वेळी नक्की."

सोमवारी ती आली, पिशवी अडकवली आणि थेट पाटीकडे गेली. तिने काही विचारलं नाही. मंगळवारीही नाही. बाईंच्या ते लगेच ध्यानात आलं नाही. त्या तीस पाट्या तपासत होत्या, आणि स्टुलावर बसून लिहायची वही त्यांनी केव्हाच माझ्या खालच्या फळीवर आत टाकून दिली होती. पण मला कळलं. मी तिची वाट पाहत होते.

सहामाही झाली. बाईंना प्रत्येक मुलाचं प्रगतिपत्रक भरायचं होतं. गोगलगायीच्या पत्रकावर त्यांचं पेन बराच वेळ थांबलं. शेवटी त्यांनी लिहिलं, "प्रतिसाद देत नाही."

ते पत्रक घेऊन आजोबा आले. ते भांडले असते तर बरं झालं असतं. ते माझ्याशेजारी खुर्चीत बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

"बाई, ती आता घरीही बोलत नाही."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"आईने हाक मारली की येते. जेव म्हटलं की जेवते. झोप म्हटलं की झोपते. त्रास कसलाच नाही. पूर्वी पाणी सांडायची, आम्ही ओरडायचो. आता सांडत नाही." त्यांनी मांडीवरची टोपी सरळ केली. "तुम्ही म्हणाला होतात, पाहणं काही कमी काम नाही. मी ते सगळ्यांना सांगत फिरलो, बाई."

"आजोबा, माझा नाइलाज होता."

"असेल. मी तुम्हाला दोष देत नाही. माझ्या मुलीने तिचं नाव त्या दुसऱ्या शाळेत घातलंय. पाटीच गिरवायची, तर मग घराजवळ तरी."

ते गेल्यावर बाईंनी किल्ली काढली आणि मला उघडलं. सुरयांचं तबक बाहेर घेतलं. सुरईवर धुळीचा थर होता. त्यांनी ती पदराने पुसली आणि मागच्या खोलीतून मावशी हाक मारेपर्यंत हातात घेऊन बसून राहिल्या. मग तबक आत ठेवलं आणि कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी तीस पाट्या होत्या.

त्यानंतर माझी किती वर्षं गेली, ते मोजण्यात अर्थ नाही. शुक्रवारचा अर्धा तासही बंद झाला. माझ्यात हजेरीपट, जुने फलक, खडूंचे खोके, बिघडलेला माइक कोंबला गेला. तबकं मागे ढकलली गेली. कात्रीवाला गेला, ग्लासवाला गेला, नवी मुलं आली. ती माझ्याकडे पाहतही नसत. कपाट म्हणजे मोठ्यांचं सामान, हे त्यांना शिकवावं लागलं नाही. बाई निवृत्त झाल्या. निरोप समारंभात चिटणीसांनी त्यांच्या शिस्तीचं कौतुक केलं. बाईंनी हार काढून माझ्यावर ठेवला आणि तो तिथेच विसरून गेल्या.

त्यांच्या जागी नवी ताई आली. वयाने लहान, पण चिकाटीची. हजेरीपट शोधताना तिला माझ्या खालच्या फळीवर बाईंच्या जुन्या वह्या सापडल्या. ती त्या दुपारी फरशीवर फतकल मारून वाचत बसली. "ताई, घरी जायचं नाही का?" मावशींनी विचारलं. मावशी आता थकल्या होत्या, पण सल्ले देणं सुटलं नव्हतं.

"मावशी, ही गोगलगाय कोण?"

मावशी जागच्या जागी थबकल्या. "ते तू बाईंनाच विचार," एवढंच म्हणाल्या.

ताईने बाईंना बोलावून आणलं. बाई वाकल्या होत्या. आता त्या माझ्या उंचीच्या पुष्कळ जवळ आल्या होत्या. ताईने वही पुढे केली. दोन रेघा मारलेला तो शब्द बाईंनी पाहिला आणि वही मिटली.

"मी भेटून आले तिला," बाई म्हणाल्या. "मागच्या वर्षी. चौथीत होती."

"कशी आहे?"

"छान आहे. अक्षर मोत्यासारखं आहे. पहिल्या पाचांत नंबर असतो. तिच्या वर्गशिक्षिका म्हणाल्या, अशी शहाणी मुलगी दुसरी नाही. सांगितल्याशिवाय जागची हलत नाही."

"मग चांगलंच झालं की."

बाईंनी मान हलवली. "मी तिला विचारलं, बाळ, तुला काय करायला आवडतं? तिने आईच्या तोंडाकडे पाहिलं. आई म्हणाली, सांग ना. ती माझ्याकडे पाहून हसली आणि म्हणाली, 'तुम्ही सांगाल ते.'"

खिडकीबाहेर लाँड्रीची वाफ फुसफुसत होती.

"कुणी म्हणेल, तिचा स्वभावच तो," बाई म्हणाल्या. "असेलही. मला खात्रीने कसं सांगता येणार? पण बावीस दिवस थांबून जी मुलगी स्वतःहून पुढे आली होती, तिच्या तोंडावर मी दार लावलं. तेव्हा वाटलं होतं, वर्ग वाचवतेय."

"वर्ग वाचला ना, बाई."

"वाचला," बाई म्हणाल्या. त्यांनी वही ताईच्या हातात परत दिली.

ताईने त्याच आठवड्यात माझी दारं काढली. फार काही मोठी लढाई झाली नाही, आणि जिंकलीही नाही. तिने चिटणीसांशी सौदा केला: सकाळचे दीड तास मांडणी, उरलेला वेळ पाट्या. पालक अजून कुरकुरतात. दोघं जण मुलं काढून घेऊन गेले.

आणि मला वाटलं होतं तसं मुलांनी लगेच मला जवळही केलं नाही. पहिले कितीतरी दिवस ती हातभर अंतरावर उभी राहत आणि विचारत, "घेऊ?" ताई म्हणे, "घे." मूल तबक उचले आणि पुन्हा विचारी, "आता काय करू?" दारं काढायला एक सकाळ पुरली. बाकीचं अजून निघतंय.

बाई दर मंगळवारी येतात. कोपऱ्यात बसतात. परवा एक मुलगा बटणाच्या चौकटीशी झटत होता. बटण काजात अर्धं जाई आणि बाहेर येई. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. बाईंचा हात आपोआप पुढे गेला. त्यांनी तो मागे घेतला आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसल्या. मुलाने एकदाही वर पाहिलं नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. तुमच्या घरी, तुमच्या वर्गात एखादं लहान मूल नुसतं उभं राहून पाहत असेल. ते काहीच करत नाही असं तुम्हाला वाटेल, आणि तुम्हाला घाई असेल. त्याला ढकलू नका. त्याच्या हाताला पोचेल अशा जागी चार खऱ्या वस्तू ठेवा आणि थोडं दूर बसा. त्याने काहीतरी सुरू केलं असेल, तर ते संपेपर्यंत त्याला बोलावू नका, मग पाहुणे आलेले असोत की साहेब. मुलाला शुक्रवार कळत नाही. आपण "नंतर" म्हणतो, ते त्याला "नाही" असं ऐकू येतं, आणि पुष्कळदा ऐकलं की ते मागणंच सोडून देतं. मग सगळे म्हणतात, किती शहाणं मूल आहे!

माझ्यावर पॉलिश चढलं तेव्हा मी खूश झाले होते. लाकडाची मी, दारं नाकारणं माझ्या हातात नव्हतं. पण खूश न होणं तर होतं.